धक्का नेमका किती? बल, त्वरण आणि आवेग यांचा हिशेब, मोंढ्यातल्या कट्ट्यापासून उसाच्या ट्रॉलीपर्यंत

बल, त्वरण आणि आवेग पुस्तकात वेगवेगळ्या पानांवर येतात, म्हणून मुले ती तीन वेगळी सूत्रे समजून पाठ करतात. हिशेब मात्र एकच आहे. वस्तूच्या गतीत किती बदल झाला आणि तो किती वेळात झाला, हे दोन आकडे हातात आले की बल निघतेच. साखळी तुटते, पोत्याची शिवण उसवते, या सगळ्यात खरा निर्णय त्या दुसऱ्या आकड्याचा, म्हणजे वेळेचा असतो. परीक्षेच्या गणितात वेळ आयती दिलेली असते, त्यामुळे तिच्याकडे कुणी निरखून बघत नाही. प्रत्यक्षात ती आपल्यालाच शोधावी लागते, आणि ती शोधायची कशी हाच या लेखाचा मुख्य भाग आहे.

नववीपासून अकरावीपर्यंतचे विद्यार्थी आणि त्यांना शिकवणारे यांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिले आहे. वही, पेन आणि साधा कॅल्क्युलेटर जवळ ठेवा.

आधी एकके जागेवर आणा

ताशी किलोमीटरला ३.६ ने भागले की मीटर प्रति सेकंद मिळतात. चार जोड्या तोंडपाठच ठेवा: १८ म्हणजे ५, ३६ म्हणजे १०, ५४ म्हणजे १५ आणि ७२ म्हणजे २०. बाकीचे वेग यांच्या मधे बसतात.

त्वरण म्हणजे दर सेकंदाला वेग किती बदलला. थांब्यावरून सुटलेल्या एसटीने १० सेकंदांत ताशी ३६ किमी गाठले, तर त्वरण १ मी/से². ताशी ५४ वरून ती ५ सेकंदांत थांबली, तर उणे ३ मी/से². उणे चिन्ह म्हणजे ‘गाडी मंदावली’ असे बरेच जण लिहितात, ते अर्धेच खरे आहे. उणे म्हणजे आपण ठरवलेल्या दिशेच्या उलट. बस रिव्हर्समध्ये जोर धरत असेल, तर तिचा वेग वाढतोय, तरीही त्वरण उणेच आहे.

१ किलो वस्तुमानाला १ मी/से² त्वरण देणारे बल म्हणजे १ न्यूटन. शंभर ग्रॅमचे वजन तळहातावर ठेवा, तळहातावर जो भार जाणवतो तो जवळजवळ १ न्यूटन.

इथेच ‘किलो’चा घोळ सुरू होतो. मोंढ्यातला (धान्य बाजारातला) काटा सोयाबीनच्या कट्ट्याला, म्हणजे पोत्याला, ५० किलो म्हणतो, ते वस्तुमान झाले. पृथ्वी त्या कट्ट्याला ज्या बलाने खाली ओढते ते त्याचे वजन, म्हणजे ५० × ९.८ = ४९० न्यूटन. ‘बल = वस्तुमान × त्वरण’ यात वस्तुमानाच्या जागी ५० येते. वस्तू वर-खाली हलत असेल, तर बलांच्या यादीत ४९० वेगळे लिहावे लागते. एका जागी किलो आणि दुसऱ्या जागी न्यूटन. अर्ध्याहून अधिक चुका या एका ओळीत अडकलेल्या असतात.

गणित हातात आल्यावर काय करायचे

सूत्र शोधायला लगेच धावू नका. आधी ठरवा की हिशेब कोणत्या वस्तूचा आहे, आणि तिच्याभोवती पेन्सिलने एक बंद रेघ मारा. रेघेबाहेरून आत लागणारी बलेच मोजायची, आतल्या आतली नाही. मग दिशा ठरवा आणि त्या बाजूला अधिक चिन्ह द्या. प्रत्येक बलाचा बाण काढा आणि त्याच्याशेजारी हे बल ‘कोण’ लावतेय ते लिहा: दोर, जमीन, पृथ्वी, हवा. लावणारा सापडला नाही तर ते बल नाहीच, खोडून टाका. ‘गतीचे बल’, ‘पुढे जाण्याचे बल’ असले बाण या एका प्रश्नाने गळून पडतात. शेवटी बाणांची चिन्हांसह बेरीज करा, हे झाले परिणामी बल. त्याला वस्तुमानाने भागा, त्वरण मिळेल.

भरलेली उसाची ट्रॉली घेऊ. ट्रॅक्टर २,५०० किलो आणि मागे दोन चारचाकी ट्रॉल्या, ऊस धरून १७,५०० किलो. सपाट डांबरी रस्त्यावर ०.२ मी/से² त्वरणाने निघायचे आहे. प्रश्न असा, की ट्रॅक्टर आणि पहिली ट्रॉली जोडणाऱ्या पिनवर किती ताण येईल?

सगळ्या गाडीभोवती रेघ मारली तर पिन रेघेच्या आत जाते आणि तिचा ताण हिशेबात दिसतच नाही. म्हणून रेघ फक्त ट्रॉल्यांभोवती मारायची. आता बाहेरून लागणारी आडवी बले दोन: पिनची पुढची ओढ आणि चाकांचे लोटन घर्षण मागे. डांबरी रस्त्यावर लोटन घर्षण वजनाच्या २ टक्के धरू: १७,५०० × ९.८ × ०.०२ = ३,४३० न्यूटन. त्वरणासाठी लागणारे परिणामी बल १७,५०० × ०.२ = ३,५०० न्यूटन. पिनची ओढ दोन्हींची बेरीज, ६,९३० न्यूटन. वेग स्थिर झाला की त्यातले ३,५०० नाहीसे होतात आणि ३,४३० उरतात. म्हणजे निघताना पिनवर दुप्पट ताण असतो. क्लच सावकाश सोडला तर त्वरण आणखी कमी राहते, आणि त्याचबरोबर ताणही.

पहिला प्रयोग: त्वरण बलाबरोबर वाढते का

सव्वा मीटरची गुळगुळीत फळी, हलक्या चाकांची खेळण्यातली गाडी, टेबलाच्या कडेला लावायची छोटी कप्पी, दोरा, ५० ग्रॅमची दोन वजने, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणि मोबाइलचा कॅमेरा, एवढे सामान पुरे.

गाडीत ५० ग्रॅमचे एक वजन ठेवा. त्यासह गाडी बरोबर ५०० ग्रॅम होईपर्यंत तिच्यात वाळू भरा. दोरा कप्पीवरून खाली सोडून त्याला दुसरे ५० ग्रॅमचे वजन बांधा. त्याआधी एक काम आहे, ते टाळू नका. वजन न लावता फळीचे मागचे टोक वह्यांनी थोडेथोडे उचला, गाडीला हलकासा टोला द्या आणि बघा. गाडी मधेच थांबली तर अजून उचला, जोर धरू लागली तर एक वही काढा. सारख्या वेगाने शेवटपर्यंत गेली की घर्षणाची भरपाई झाली.

आता गाडीपुढे पट्टी आडवी धरून ती अडवा, कॅमेरा चालू करा आणि पट्टी झटकन वर उचला. हाताने सोडली तर बोटांचा नकळत धक्का बसतो आणि आकडा बिघडतो. साधे टेबल पाऊण मीटर उंच असते, त्यामुळे मोजणी ६० सेंटिमीटरचीच ठेवा, नाहीतर वजन आधी जमिनीला टेकेल आणि शेवटच्या टप्प्यात बलच उरणार नाही. त्वरण = २ × अंतर ÷ (वेळ × वेळ).

अपेक्षित उत्तर असे: ओढणारे बल ०.०५ × ९.८ = ०.४९ न्यूटन, हलणारे एकूण वस्तुमान ०.५५ किलो, त्वरण ०.८९ मी/से². ६० सेंटिमीटरला १.१६ सेकंद लागले पाहिजेत. मग गाडीतले ५० ग्रॅम काढून दोऱ्याला लावा. बल दुप्पट झाले, एकूण वस्तुमान तेच राहिले, त्वरण १.७८ आणि वेळ ०.८२ सेकंद.

‘गाडीतले काढून’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. वजन बाहेरून आणून लावले तर एकूण वस्तुमान ०.६० किलो होते, त्वरण १.६३ येते आणि बल दुप्पट करूनही त्वरण दुप्पट का झाले नाही या कोड्यात वर्ग अडकतो. दुसरा गैरसमज दोऱ्याच्या ताणाचा. तो ०.४९ न्यूटन नसतो. लटकते वजन स्वतःही खाली त्वरण घेतेय, म्हणून दोरा ०.५ × ०.८९ = ०.४४५ न्यूटननेच ओढतो.

स्टॉपवॉच वापरू नका. बोटाची चूक सहज ०.२ सेकंदाची असते, ती १.१६ सेकंदांत १७ टक्के झाली, आणि वेळेचा वर्ग होत असल्याने त्वरणात जवळपास ३५ टक्के. सेकंदाला ६० चौकटी टिपणाऱ्या व्हिडिओत एक चौकट ०.०१७ सेकंदाची असते. चौकटी मोजा, चूक तीन टक्क्यांवर येते.

आवेग: त्याच नियमाची दुसरी बाजू

त्वरण म्हणजे वेगातला बदल भागिले वेळ. ते न्यूटनच्या दुसऱ्या नियमात, म्हणजे ‘बल = वस्तुमान × त्वरण’ यात ठेवा आणि वेळ डावीकडे न्या:

बल × वेळ = वस्तुमान × वेगातला बदल

डावी बाजू आवेग, उजवी बाजू संवेगातला बदल (संवेग म्हणजे वस्तुमान × वेग). एकक न्यूटन-सेकंद. न्यूटनने १६८७ मध्ये हा नियम मांडला तो गतीतल्या बदलाच्या भाषेत, म्हणजे आवेगाच्या जवळच्या रूपात. ‘वस्तुमान गुणिले त्वरण’ हे रूप पुढे अठराव्या शतकात ऑयलरसारख्या गणितज्ञांच्या हातून रुळले. आवेग हे नंतर चिकटवलेले उपसूत्र नव्हे, हे शिकवताना सांगितलेच पाहिजे.

आता सोयाबीनचा तोच कट्टा. ट्रकचा फाळका उघडला, हमालाने सव्वा मीटर उंचीवरून कट्टा सोडला. खाली पोहोचताना वेग √(२ × ९.८ × १.२५) = ४.९५ मी/से. संवेग ५० × ४.९५ = २४७.५. जमिनीने हा सगळा संवेग शून्यावर आणायचा आहे.

किती वेळात? इथे बहुतेक जण अडखळतात. वेळ डोळ्यांनी दिसत नाही, पण थांबायला लागलेले अंतर दिसते. कट्टा सिमेंटच्या ओट्यावर आदळला आणि साधारण ५ सेंटिमीटर दबला असे धरा. थांबताना सरासरी वेग सुरुवातीच्या निम्मा, म्हणजे २.४७ मी/से. वेळ ०.०५ ÷ २.४७ = ०.०२ सेकंद. हे एक वाक्य वहीत मोठ्या अक्षरात लिहा: थांबण्याची वेळ = २ × थांबण्याचे अंतर ÷ वेग.

परिणामी बल २४७.५ ÷ ०.०२ = १२,३७५ न्यूटन. नव्वद टक्के वह्यांत उत्तर इथेच संपते आणि तिथेच चुकते. हे परिणामी बल आहे, जमिनीचे बल नव्हे. त्या ०.०२ सेकंदातही पृथ्वी कट्ट्याला ४९० न्यूटनने खाली ओढतेच आहे. जमिनीला दोन्ही सांभाळावे लागते: १२,३७५ + ४९० = १२,८६५ न्यूटन. क्षणभर तेराशे किलोचा भार. शिवण उसवते ती यामुळे. तोच कट्टा आधीच्या थप्पीवर पडला आणि थांबायला १५ सेंटिमीटर मिळाले, तर वेळ ०.०६ सेकंद आणि बल ४,१२५ + ४९० = ४,६१५ न्यूटन.

या उत्तराची एक सुंदर पडताळणी आहे आणि ती प्रत्येकाने एकदा करून पाहावी. कट्टा फाळक्यावर स्थिर होता, शेवटीही स्थिर आहे. म्हणजे सुटल्यापासून थांबेपर्यंत संवेगातला एकूण बदल शून्य. पडायला ४.९५ ÷ ९.८ = ०.५०५ सेकंद लागले, थांबायला ०.०२. या ०.५२५ सेकंदांत पृथ्वीने दिलेला आवेग ४९० × ०.५२५ = २५७ न्यूटन-सेकंद खाली. जमिनीने दिलेला १२,८६५ × ०.०२ = २५७ न्यूटन-सेकंद वर. पै न पै जुळते. दोन माणसांनी कट्टा धरून सावकाश खाली ठेवला असता तरी त्यांना सरासरी ४९० न्यूटनच द्यावे लागले असते, फक्त पूर्ण वेळभर. टाकून दिल्यावर अर्धा सेकंद कुणीच काही देत नाही आणि सगळी थकबाकी जमीन एका क्षणात चुकवते.

वर काढलेले बल सरासरी आहे. खरे बल शून्यापासून चढते, शिखर गाठते, उतरते. आलेख त्रिकोणी धरला तर शिखर सरासरीच्या दुप्पट. वस्तू तुटेल का हे शिखर ठरवते, म्हणून दोर किंवा साखळी निवडताना सरासरीवर विसंबू नये.

चेंडू उसळून परत येतो तेव्हा चिन्ह सांभाळा. ६० ग्रॅमचा चेंडू १० मी/से ने भिंतीवर आदळून ८ ने परत आला, तर वेगातला बदल १८ आहे, २ नव्हे. आवेग १.०८ न्यूटन-सेकंद. चिकटून बसणाऱ्या चिखलाच्या गोळ्यापेक्षा उसळणारा चेंडू भिंतीला जास्त आवेग देतो.

दुसरा प्रयोग: तोच दोरा, तेच वजन

सुती शिलाईचा दोरा घ्या. पॉलिएस्टरचा जास्त ताणतो आणि फरक पुसट होतो. दोऱ्याचे ३० सेंटिमीटर खिळ्याला बांधून खाली प्लॅस्टिकची बाटली लटकवा आणि दोरा तुटेपर्यंत तिच्यात हळूहळू पाणी ओता. खाली बादली ठेवा. तुटल्यावर बाटली पाण्यासकट मोजा. तीन नव्या दोऱ्यांवर हे करा आणि सरासरी घ्या. समजा १ किलो आले, म्हणजे दोरा ९.८ न्यूटन सोसतो. गाठीपाशी तुटला तर ते मोजमाप धरू नका, गाठीत दोरा कमकुवत होतो. खिळ्याला आणि बाटलीला चार-पाच वेढे देऊन मग गाठ मारली की तो मधे तुटतो.

आता बाटलीत फक्त पाव किलो ठेवा, तुटण्याच्या वजनाचा चौथा हिस्सा. नवा दोरा लावा, दोरा नुसता ताठ होईल त्या जागेपासून बाटली १० सेंटिमीटर वर उचला आणि सोडा. दोरा तुटतो. तो फार तर २ सेंटिमीटर ताणू शकतो, म्हणून बाटलीला थांबायला तेवढेच अंतर. सरासरी बल = वजन × (१ + पडण्याची उंची ÷ थांबण्याचे अंतर) = २.४५ × (१ + १० ÷ २) = १४.७ न्यूटन. दोऱ्याची कुवत ९.८. तुटणारच.

तिसऱ्या फेरीत खिळा आणि दोरा यांच्यामध्ये रबरबँडची साखळी घाला. पाव किलो लटकवल्यावर ती साधारण ७ सेंटिमीटर ताणली गेली पाहिजे. कमी ताणली तर एक रबर वाढवा. मग बाटली पुन्हा १० सेंटिमीटरवरून सोडा. बाटली दोरा ताठ होतो त्या जागेच्या सुमारे २० सेंटिमीटर खाली जाऊन परत वर येते आणि दोरा शाबूत राहतो. रबराचे बल अंतराबरोबर वाढत जाते, त्यामुळे इथे शिखर मोजायचे: ते वजनाच्या जवळपास तिप्पट, ७.४ न्यूटन. कुवतीच्या आत. वजन तेच, उंची तीच, दोराही तोच, बदलली ती फक्त थांबायची वेळ.

कंसातले सूत्र अंतरावरची सरासरी देते आणि आवेगाचे सूत्र वेळेवरची. बल सारखे असेल तर दोन्ही एकच. बल बदलते असेल तर थोडा फरक पडतो, तेव्हा दोन रीतींची उत्तरे तंतोतंत जुळली नाहीत म्हणून गोंधळू नका.

फसलेला ट्रॅक्टर आणि टोचन

पावसाळ्यात काळ्या रानात ट्रॅक्टर फसला की दुसरा ट्रॅक्टर साखळी लावून झटका देतो. साखळी ढिली ठेवायची, थोडे पळायचे, मग हिसका. गणित करून बघा. २,५०० किलोचा ट्रॅक्टर २ मी/से ने, म्हणजे ताशी ७ किमीने निघाला: संवेग ५,०००. पुढचा जागचा हलला नाही आणि साखळी ५ सेंटिमीटरच्या आत ताठ झाली, तर थांबण्याची वेळ ०.०५ सेकंद. सरासरी बल १,००,००० न्यूटन, दहा टनांचा भार. तुटलेली साखळी किंवा उपटलेला हूक ज्या वेगाने येतो त्यापुढे माणसाला हलायलाही वेळ मिळत नाही.

नायलॉनचा जाड दोर ४० सेंटिमीटर ताणला गेला तर वेळ ०.४ सेकंद आणि बल १२,५०० न्यूटन. आठ पटीने कमी. पण ताणलेल्या दोरात ऊर्जा साठते, तो तुटला तर गोफणीसारखा सुटतो. म्हणून क्रम असा ठेवा: आधी चाकांपुढची माती खोऱ्याने काढा, दोर खालच्या हिचलाच लावा (वर लावला तर ओढणाऱ्या ट्रॅक्टरची पुढची चाके उचलून तो मागे उलटू शकतो), दोराच्या मध्यावर ओले बारदान टाका, दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरापर्यंत कुणालाही उभे राहू देऊ नका, ढिला दोर पहिल्या गिअरमध्ये हळूच ताठ करा आणि त्यानंतरच जोर लावा. दोर ताठ झाल्यावर वाढवलेल्या जोरात आवेगाचा हिसका नसतो.

भरलेली ट्रॉली थांबत का नाही

आता उसाच्या त्याच गाडीचा उलटा प्रश्न. एकूण २०,००० किलो, वेग ताशी १८ किमी म्हणजे ५ मी/से, संवेग १,००,०००. ट्रॉल्यांना स्वतंत्र ब्रेक नसतील तर थांबवण्याचे सगळे काम ट्रॅक्टरच्या मागच्या दोन टायरांवर. त्यांच्यावर १,५०० किलोचा भार आणि घर्षणांक (घर्षण भाराच्या जास्तीत जास्त किती पट होऊ शकते तो आकडा) ०.६ धरला, तर टायर जास्तीत जास्त १,५०० × ९.८ × ०.६ = ८,८२० न्यूटन देऊ शकतात. ब्रेक कितीही कडक दाबला तरी याच्या वर नाही, चाके घसरतात. इंजिनाचा ब्रेकही याच टायरांतून येतो, त्यामुळे मर्यादा तीच. लोटन घर्षणाची मदत ३,९२० न्यूटन. एकूण सुमारे १२,७०० न्यूटन. वेळ ७.९ सेकंद, अंतर जवळपास २० मीटर.

हीच गाडी बालाघाटाच्या एखाद्या उतारावर, दर २० मीटरला १ मीटर उतरणाऱ्या रस्त्यावर आणा. वजनाचा उतारावरचा घटक २०,००० × ९.८ ÷ २० = ९,८०० न्यूटन, तोही पुढे ढकलणारा. थांबवायला उरले २,९०० न्यूटन. वेळ ३४ सेकंद, अंतर ८६ मीटर. घर्षणांक ओल्या रस्त्याने ०.४ वर आला तर टायरांचे बल ५,८८० होते, लोटन घर्षण धरून बरोबर ९,८००, म्हणजे थांबवायला काहीच उरत नाही. गाडी त्याच वेगाने उतरत राहते. उतार सुरू होण्याआधी वेग निम्मा केला तर संवेग निम्मा, वेळ निम्मी आणि अंतर चौथा हिस्सा, २२ मीटर. उतार लागण्याआधी गिअर बदला हे जाणते चालक सांगतात त्यामागे हे गणित आहे. ट्रॉलीच्या मागे रात्री लाल परावर्तक पट्ट्या लावा हा आग्रहही इथूनच येतो: जी गाडी स्वतः चटकन थांबू किंवा बाजूला होऊ शकत नाही, ती मागच्याला लांबूनच दिसली पाहिजे.

माळवद आणि किल्लारी

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. त्या भागातली बरीच घरे जाड दगड-मातीच्या भिंतींची आणि वर पांढऱ्या मातीचा थर असलेल्या माळवदाची होती. उन्हाळ्यात हे घर गार राहते, पण जमीन आडवी हलते तेव्हा हिशेब उलटतो.

जमीन हलली की छतालाही तिच्याबरोबर त्वरण घ्यावे लागते आणि ते बल भिंतींनाच पुरवावे लागते. समजा खोली २० चौरस मीटरची, मातीचा थर ४० सेंटिमीटर. एक घनमीटर मातीचे १,६०० किलो धरले तर छत १२,८०० किलोचे. जमिनीचे आडवे त्वरण समजा २ मी/से². लागणारे आडवे बल २५,६०० न्यूटन. याच खोलीवर पत्रे आणि लोखंडी अँगल मिळून २०० किलोचे छत असते, तर ४०० न्यूटन. चौसष्ट पटीचा फरक, आणि तो फक्त वस्तुमानाचा.

मातीत बांधलेली भिंत दाब उत्तम सोसते, ताण मात्र जवळजवळ सोसत नाही. आडव्या हिसक्याने तिच्या एका बाजूला ताण येतो. दोन पदरी भिंतीत दोन्ही पदर बांधणारे आरपार दगड नसतील तर पदर सुटे होऊन बाहेर कलतात आणि छत खाली येते. म्हणून जुने माळवद राहते ठेवायचे असेल तर दर वर्षी गळती बंद करायला मातीचा नवा थर चढवत जाणे हा सगळ्यात घातक उपाय आहे. जुना थर उतरवून छत हलके करणे, भिंतीत आरपार दगड किंवा काँक्रीटचे बांध घालणे आणि छताच्या पातळीला चारही भिंतींना बांधणारा पट्टा टाकणे, हे काम अभियंत्याच्या देखरेखीखाली करावे.

मोबाइलवर आवेग मोजताना

फोनमधला त्वरणाचा सेन्सर फायफॉक्स या मोफत ॲपमधून वाचता येतो. ते जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठाने केले आहे. टेबलावर स्थिर फोन ९.८ दाखवतो. फोन बिघडलेला नाही. सेन्सर आधाराने दिलेले बल मोजतो, आणि टेबल फोनला वर ढकलतेच आहे. उलट उशीवर पडू दिलेला फोन पडताना शून्याजवळ दाखवतो.

कट्टा आदळण्यासारखे धक्के याने मोजायला जाऊ नका. सेन्सर सेकंदाला काहीशे वेळाच नोंद घेतो, त्यामुळे दोन-तीन मिलिसेकंदांचे शिखर निसटते. शिवाय त्याची एक कमाल मर्यादा असते. आलेखाचा माथा सपाट कापल्यासारखा दिसला तर ती ओलांडली गेली.

एसटीच्या ब्रेकसाठी मात्र हे उत्तम साधन आहे. फोन बसच्या तळावर सपाट ठेवा, लांब कड प्रवासाच्या दिशेने, पायाने दाबून धरा. ताशी ४० किमीवरून बस थांबली की आलेखात एक टेकडी दिसते. तिचे क्षेत्रफळ चौकटी मोजून काढा. ते वेगातल्या बदलाएवढे, म्हणजे ११ मी/से च्या आसपास आले पाहिजे. त्याला स्वतःच्या वस्तुमानाने गुणा: ६० किलोच्या प्रवाशाला बसने दिलेला आवेग सुमारे ६६७ न्यूटन-सेकंद. क्षेत्रफळ १४ आले तर फोन तिरका होता. पाच अंशांच्या कलानेही गुरुत्वाचा ०.८५ मी/से² एवढा भाग प्रवासाच्या दिशेत मिसळतो, आणि चार सेकंदांच्या ब्रेकमध्ये तो ३.४ मी/से ची भर घालतो. बस सपाट रस्त्यावर उभी असताना आधी दहा सेकंद नोंद घ्या, त्या दिशेत जो आकडा दिसेल तो पुढच्या प्रत्येक आकड्यातून वजा करा आणि मग क्षेत्रफळ मोजा.